चहावाल्या विष्णुपंतांचं नाक

बदलापूरच्या बेलवलीत राहणाऱ्या विष्णुपंत रिसबुडांना अर्धा कल्याण तालुका 'चहावाले पंत' म्हणून ओळखायचा. त्यांचं हॉटेल नव्हतं की दुकान नव्हतं. ते चहा फुकट पाजायचे, आणि पाजताना तो कसा करायचा हे शिकवायचे. कलकत्त्याच्या मळेवाल्यांनी चहाचा प्रचार करायला जिल्ह्याजिल्ह्यांत माणसं नेमली होती, त्यांतलेच हे एक. ब्राह्मणाच्या पोरानं मॅट्रिक होऊन गावोगाव कपबशा विसळत हिंडावं, हे भाऊबंदांना आधी रुचलं नाही. पण पगार वेळेवर यायचा, आणि भाऊबंदही हळूहळू त्यांच्याकडे चहाला येऊ लागले.

बैलगाडीत तांब्याचा बंब, दोन किटल्या, चार डझन कपबशा आणि भिंतीला टांगायचे रंगीत तक्ते घेऊन पंत महिन्यातले वीस दिवस बाहेर असायचे. त्यांचे वडील कीर्तनकार होते. वडिलांचा आवाज आणि वेळप्रसंगी चार गोष्टी पदरच्या घालायची हातोटी, दोन्ही पंतांकडे आलं होतं. गावच्या पारापाशी बंब पेटला की ते चहाचं आख्यान लावायचे. पूर्वरंगात चीनचा राजा. हा राजा म्हणे पाणी उकळूनच प्यायचा. एकदा वाऱ्यानं शेजारच्या झाडाची चार पानं पातेल्यात पडली, पाण्याला रंग आला, राजानं घोट घेतला आणि त्याची मरगळ गेली. उत्तररंगात आसाम. तिथल्या डोंगरातले सिंगफो लोक हे पान पिढ्यान्‌पिढ्या पीत होते. शंभर-सव्वाशे वर्षांपूर्वी साहेबाला त्याचा पत्ता लागला, जंगलं तुटली, मळे उभे राहिले आणि आपल्या मातीतलं पान पेट्यांत भरून विलायतेला जाऊ लागलं. इथं पंत आवाज चढवायचे. पान आपलं, पाऊस आपला, खुडणारे हात आपले, मग प्यायचा तेवढा साहेबानंच का? आपल्याला पगार देणारेही बहुतेक साहेबच आहेत, हे पंत त्या भरात सांगत नसत.

मग किटली पुढे यायची. किटली आधी गरम पाण्यानं विसळायची, माणशी एक चमचा पत्ती आणि वर एक चमचा किटलीचा, पाच मिनिटं झाकून ठेवायचं. उकळायचं नाही. हे 'उकळायचं नाही' पंत तीनदा म्हणायचे. पाच मिनिटं झाली की झाकण उचलून किटली पहिल्या ओळीतल्या माणसांच्या नाकाशी धरायची आणि म्हणायचं, "घ्राणेन अर्धभोजनम्. म्हणजे नुसता वास घेतला तरी अर्धं जेवण झालं. आधी वास घ्या, अर्धा चहा तिथंच पिऊन होतो." लोक वास घ्यायचे, मान डोलावायचे, आणि घरी जाऊन पत्ती उकळायचे.

चामटोली गावात तर हे पंतांच्या डोळ्यांदेखत झालं. तिथल्या हिरामणची बायको बनूबाई हिनं फुकट मिळालेली पुडी घेतली आणि पंत अजून आसामात असतानाच चुलीवर गूळ, गवती चहा आणि पत्ती अशी एकत्र रटरटत ठेवली. पंत म्हणाले, बाई, हा काढा झाला. ती म्हणाली, काढा तर काढा, पण बरा लागतो. दोन वर्षांत सगळी चामटोली तसाच काढा पिऊ लागली. पंतांनी वरती अहवाल पाठवला की चामटोलीत चहा रुजला आहे, पद्धत मात्र असमाधानकारक. बनूबाई पुढे बेलवलीत दूध घालायला येऊ लागली आणि रिसबुडांचा रतीब तिनंच धरला. दारात ती दिसली की पंत तिला विचारायचे, उकळतेस का गं अजून? ती हो म्हणायची.

घरी मात्र पद्धत शंभर टक्के समाधानकारक होती. पंतांच्या बायकोला सगळे माई म्हणत. माई ठरल्याप्रमाणे किटली विसळून, मोजून पत्ती घालून, पाच मिनिटं झाकून पंतांना चहा द्यायच्या. स्वतः घ्यायच्या नाहीत. पंत त्यावरून त्यांना छेडायचे. आख्ख्या जिल्ह्याला मी चहा पाजला, पण माझ्या स्वयंपाकघरात अजून पेशवाई आहे, असं चारचौघांत म्हणायचे. माई हातातलं काम करत राहायच्या. त्या सोवळ्याच्या घरात वाढलेल्या, तशाच घरात दिलेल्या, त्यामुळे हा साहेबी प्रकार त्यांच्या गळी उतरत नसणार, अशी पंतांनी स्वतःची समजूत करून घेतली होती. विचारलं कधीच नाही. ज्याला बोलायची सवय असते त्याला विचारायचं सुचत नाही.

माईंच्या अंगात एक गुण मात्र सासूनं मुरवला होता. देवाच्या नैवेद्याचा स्वयंपाक चाखून चालत नाही, चाखला की तो उष्टा झाला. चाळीस माणसांच्या आमटीत मीठ बरोबर पडलं की नाही, हे सासू आणि माई नुसत्या वाफेवरून सांगायच्या. पुरणाला जायफळ किती, खीर लागायला किती वेळ आहे, दही उद्या आंबट होणार की परवा, सगळं नाकानं. घरातल्यांना त्याचं काही विशेष वाटत नसे. सगळ्या घरांतल्या बायकांना ते येतच असणार, असं सगळे धरून चालत.

चव्वेचाळीस सालच्या भाद्रपदात पंतांना विषमज्वर झाला. अठ्ठावीस दिवस ताप उतरला नाही. कल्याणहून डॉक्टर यायचे आणि जाताना माईंशी हळू आवाजात बोलायचे. एकोणतिसाव्या दिवशी पंतांनी भात मागितला आणि घरात दिवाळी झाली. पुढे पंधरा दिवसांनी पंत ओटीवर पेपर वाचत बसले होते आणि माई विहिरीवर गेल्या होत्या. परत येतात तो चुलीवरचं दूध आटून जळून पातेलं काळं झालेलं, घरभर धूर, आणि पंत मन लावून लढाईच्या बातम्या वाचताहेत. माईंनी पातेलं उतरवलं, त्यांच्यासमोर येऊन उभ्या राहिल्या आणि विचारलं, "तुम्हाला वास नाही आला?"

पंतांना वास आला नव्हता. उदबत्तीचा येत नव्हता, हिंगाचा येत नव्हता. तापानं जीव ठेवला होता आणि नाक नेलं होतं. चहा आता त्यांना तीन प्रकारे कळायचा, गरम आहे, गोड आहे, कडवट आहे. त्यापलीकडे नुसतं पाणी. त्यांनी माईंना शपथ घातली की हे बाहेर कुणाला कळता कामा नये. वास न येणारा चहावाला म्हणजे लोकांच्या चेष्टेला आयता विषय, आणि नोकरी जाईल ती वेगळीच. माईंनी शब्द दिला. आख्यान सांगायला नाक लागत नाही, त्यामुळे पुढची तीन वर्षं पंतांनी पूर्वीच्याच थाटात काढली. किटलीचं झाकण उचलताना ते आता स्वतः वास घेतल्यासारखे डोळे मिटायचे, आणि ते पाहून लोकांना जास्तच पटायचं.

सत्तेचाळीसच्या अखेरीला कलकत्त्याहून पत्र आलं. आपल्या जिल्ह्यातील जनता आता पुरेसा चहा पिऊ लागली आहे, सबब प्रचारकाची जागा कमी करण्यात येत आहे. अकरा वर्षं जे काम केलं ते इतकं चांगलं झालं की करणाऱ्याची गरज उरली नाही. पंतांनी पत्र दोनदा वाचलं आणि बंब, किटल्या, तक्ते परत पाठवून दिले. एक किटली फुटली असं लिहून ठेवून घेतली. आयुष्यात केलेली त्यांची ही एवढीच अफरातफर.

त्याच सुमारास कल्याणजवळच्या लष्कराच्या रिकाम्या बराकींत सिंधमधून आलेली माणसं भरली होती. कॅम्पाला पुढे उल्हासनगर नाव मिळालं, पण लोक कॅम्पच म्हणायचे. तिथं लोकांनी बघता बघता बाजार उभा केला. पंत कामाच्या शोधात अंबरनाथला उतरून पायी पाच नंबर कॅम्पात गेले, तर एका बराकीच्या तोंडाशी टेकचंद नावाचे शेठ उघड्या पोत्यातून चहाची भुकटी विकत होते. शेजारी मिरच्यांचं पोतं. पंतांना राहवलं नाही. त्यांनी तिथंच उभं राहून अर्धा तास चहाचं आख्यान लावलं आणि मिरच्यांशेजारी चहा ठेवणाऱ्या माणसाला चीनच्या राजानं काय शिक्षा केली असती हेही सांगितलं. टेकचंदनी सगळं ऐकून घेतलं. मग म्हणाले, "साईं, बोलते तो बहुत अच्छा हो. पण नाक आहे का? मला मिसळ बनवणारा माणूस पायजे."

चहा एकाच मळ्याचा विकून परवडत नाही. दहा ठिकाणची पत्ती आणि भुकटी आणायची, कुणाचा रंग, कुणाचा वास, कुणाचा कडकपणा असं जुळवून मिसळ करायची, आणि ती बारा महिने एकसारखी लागली पाहिजे. हे काम नाकाचं. पंतांच्या घरात दोन महिने पगार नव्हता आणि मुलगी वृंदा लग्नाची होती. ते म्हणाले, "शेठ, आजवर नाकावरच जगलोय."

त्या दिवशी ते घरी आले ते पिशवीत आठ पुड्या घेऊन. माईंना समोर बसवून त्यांनी काय बोलून बसलो ते सांगितलं. आपल्याला जमेल का, ही शंका त्यांना नसावी. त्या पुड्यांकडे पाहत होत्या, आणि त्यांच्या तोंडावर भीती होती. पंतांना वाटलं, बिचारी बुजली. त्यांनी पुष्कळ समजूत घातली. शेवटी माई उठल्या, आठ वाट्या मांडल्या, प्रत्येकीत चिमूट पत्ती आणि आधणाचं पाणी घालून वर ताटल्या झाकल्या. मग एकेक ताटली उचलायची, एकदाच वास घ्यायचा आणि पुन्हा झाकायचं. पंत पेन्सिल घेऊन बसले.

माईंची भाषा स्वयंपाकघराची. ह्याला भाजलेल्या खोबऱ्याचा वास आहे. हा ओल्या गोणपाटासारखा. हा चांगला होता, पण चार दिवस उघडा राहिलाय. ह्याला अंगचा वास नाही, पण दुसऱ्याला धरून ठेवील, तांदळाच्या पिठासारखा. तिसऱ्यात हा मूठभर घाला आणि आठवा अजिबात नको, त्याच्या शेजारी मिरच्या होत्या. पंतांनी दुसऱ्या दिवशी तेच सगळं आपल्या अकरा वर्षांच्या पोतडीतले इंग्रजी शब्द लावून टेकचंदना ऐकवलं. आठव्याचं ऐकून टेकचंदनी त्यांना नमस्कारच केला.

त्यातून जी मिसळ झाली तिला नाव 'तीन नंबर'. दोन वर्षांत ती कॅम्पातून अंबरनाथच्या बाजारात गेली, कारखान्यांच्या फाटकांजवळच्या हॉटेलांत गेली आणि बदलापुरात तर वाण्याकडे लोक नुसते 'तीन' म्हणून मागू लागले. पंत दर बुधवारी पुड्या घरी आणायचे. दार लावून वाट्या मांडल्या जायच्या. त्याच सुमारास माईंनी गुरुवारचा उपास धरला. उपास कसला, पाण्यावर राहायच्या. पंतांनी विचारलं तेव्हा दत्ताचा म्हणाल्या. पंत म्हणाले, दत्ताला एवढं कडक लागत नाही, साबुदाणा चालतो. माईंना चालत नव्हता. बायकांची व्रतं, म्हणून पंतांनी विषय सोडून दिला. अशी सहा वर्षं गेली. वृंदा नाशिकला सासरी गेली. पंतांचा मान वाढत गेला आणि मान जेवढा वाढला तेवढी भीतीही. कुणी त्यांच्यापुढे अत्तराची कुपी धरली की ते सर्दीचं निमित्त सांगून मागे सरायचे.

चौपन्नच्या श्रावणात मुंबईहून श्रीपाद गुप्ते आले. हे कलकत्त्याला तयार झालेले चहाचे पारखी, मुंबईच्या मोठ्या घाऊक पेढीसाठी माल पसंत करायचे. त्यांना 'तीन नंबर' मुंबईत न्यायचा होता, पण मिसळ करणाऱ्या माणसाला एकदा काम करताना बघायचं होतं. टेकचंदनी दुकानाच्या मागच्या खोलीत टेबल मांडलं, पांढरी चादर घातली आणि पाच कप ओळीनं ठेवले. पारख्यानं चमच्यानं घोट घ्यायचा, तोंडात आवाज करत खेळवायचा, पिकदाणीत थुंकायचा. पंतांना हा विधी पाठ होता. रंगावरून आणि पत्तीच्या तुकड्यावरून थोडंफार सांगता येतं, बाकी बोलून निभावता येतं, असा हिशेब करून ते उभे राहिले.

पहिले तीन कप निभावले. चौथ्या कपाची पत्ती ज्या पेटीतून काढली होती त्या पेटीवर पावसाळ्यात घासलेटचा डबा ठेवलेला होता आणि तो झिरपला होता. हे कुणाच्या लक्षात आलेलं नव्हतं. कपात आधण पडताच खोलीत दिव्याच्या काकड्यासारखा वास सुटला. टेकचंदनी रुमाल नाकाला लावला. गुप्ते दोन पावलं मागे सरले. पंतांनी चमचा भरून घोट घेतला, डोळे मिटले, सावकाश खेळवला, थुंकला आणि म्हणाले, "हा सगळ्यांत सरस. वरच्या आसामचा, दुसऱ्या खुडणीचा माल. ह्याच्यात फार काही मिसळू नये."

पंतांनी डोळे उघडले आणि टेकचंदच्या नाकावरचा रुमाल पाहिला. त्यांच्या हातातला चमचा कपात पडला.

गुप्ते वयानं लहान होते, पण माणूस समंजस होता. त्यांनी खुर्ची पुढे ओढून पंतांना बसवलं आणि विचारलं, "पंत, किती वर्षं झाली?"

"दहा," पंत म्हणाले.

टेकचंदना आधी कळेना. कळलं तेव्हा त्यांचं तोंड उतरलं. सहा वर्षं ज्या माणसाला नमस्कार केला त्यानं सहा वर्षं फसवलं, हे त्यांच्या चेहऱ्यावर सरळ दिसत होतं. मग त्यांच्यातला व्यापारी जागा झाला आणि त्यांनी विचारलं की मग तीन नंबर कोण बनवतो? पंतांना खोटं सांगता आलं असतं. आख्यानं सांगणाऱ्या माणसाला गोष्ट रचायला किती वेळ लागतो? पण त्या क्षणी त्यांना काही सुचलं नाही म्हणा, किंवा नको वाटलं म्हणा. ते म्हणाले, "घरी. आमच्या मंडळी."

गुप्त्यांची मोटार होती. तिघं तसेच बेलवलीला आले. पाचही पुड्या बरोबर आणल्या होत्या. बनूबाई दुपारचं दूध घालून मागच्या पडवीत टेकली होती, कोनाड्यातला तिचा वेगळा ठेवलेला कप हातात धरून. मोटार बघून ती उठू लागली, पण माईंनी तिला बसायला सांगितलं. पंतांनी माईंना एवढंच सांगितलं की ह्यांना सगळं कळलंय. माईंनी डोक्यावरचा पदर सारखा केला आणि पाच वाट्या मांडल्या.

चौथ्या वाटीची ताटली त्यांनी उचललीच नाही. ती लांबूनच बाजूला सारली आणि म्हणाल्या, घासलेट आहे, गुरालासुद्धा घालू नका. उरलेल्या चारांतला एक गेल्या सालचा निघाला, एकाला जहाजाच्या पेटीतल्या कापराचा वास होता, आणि उरलेल्या दोहोंची मिसळ कितीला किती करायची हे त्यांनी मुठींत सांगितलं. गुप्ते वहीत लिहून घेत होते. कलकत्त्यात मी ज्यांच्या हाताखाली शिकलो त्यांना हे एवढ्या झटक्यात जमलं नसतं, असं ते म्हणाले. मग त्यांनी एका कपात त्या दोहोंची मिसळ गाळून घेतली आणि माईंपुढे धरली. आता एक घोट घेऊन सांगा, म्हणाले, म्हणजे माझं पक्कं होईल.

माईंनी हात मागे घेतले. "मी चहा घेत नाही."

पंतांनी सवयीनं पेशवाईची थट्टा केली. गुप्ते हसले नाहीत. ज्यानं कधी प्यायला नाही त्याला चहातलं एवढं कळणार नाही, असं त्यांचं म्हणणं पडलं. आपण कधी घेत होता का, असं त्यांनी माईंना सरळ विचारलं. माई जमिनीकडे बघत राहिल्या. पंत कौतुकानं सांगू लागले की छे, हिनं जन्मात चहाला तोंड लावलेलं नाही.

तेव्हा मागच्या पडवीतून बनूबाई बोलली.

"त्या नाय सांगाच्या. सांगितला तर नेम बाद व्हतो, म्हनून नाय सांगाच्या. मी सांगते." तिनं कप खाली ठेवला. "दिसाला चार-चार वेळा प्यायच्या माई. तुमी गाडी घेऊन गावाला गेलं का आमी दोघी हितंच बसून प्यायचो. उकळून, गूळ टाकून. तुमाला तसा आवडत नाय म्हनून तुमच्याम्होरं नाय प्यायच्या. तुमी तापान पडलं व्हतं ना, तवा गावदेवीम्होरं जाऊन सोडला त्यांनी. जीवाला जीव मागितला. सगल्यात आवडीचा काय, तर चा. तो दिला."

गुप्त्यांनी कप हळूच खाली ठेवला. टेकचंदना मराठी सगळं समजलं नसावं, पण त्यांनी डोक्यावरची टोपी काढून हातात घेतली. पंत माईंकडे बघत होते. अकरा वर्षं ज्या माणसानं गावोगाव पारावर बसून लोकांच्या घरी चहा कोण पितं, कोण पीत नाही ह्याची नोंद केली, त्याच्या नोंदीत स्वतःचं घर चुकीचं लिहिलेलं होतं. त्यांना फार लाज वाटली.

पाहुण्यांनी फार वेळ घेतला नाही. व्यवहार ठरला. टेकचंद निघताना पंतांना म्हणाले, "साईं, मला नाक पायजे होतं. वो किसके मुँह पर है, उससे मुझे क्या." पण पंतांशी त्यांचं पूर्वीसारखं मोकळं व्हायला पुढं वर्ष गेलं. माईंनी अट घातली की काम घरीच करीन, दुकानात येणार नाही. ती मान्य झाली.

दिवेलागण झाली. माईंनी देवापाशी निरांजन लावलं आणि पंत त्यांच्या मागे जाऊन पाटावर बसले. त्यांनी विचारलं, आणि हे विचारायला त्यांना बरंच बळ गोळा करावं लागलं, की गुरुवारचा तो उपास कसला?

माई म्हणाल्या, "तुम्हीच नाही का सांगायचे? वास घेतला की अर्धं पिऊन होतं." त्या निरांजनाची वात पुढे सारत राहिल्या. "दर बुधवारी माझा नेम अर्धा मोडायचा. मोडला आणि तुम्हाला काही झालं तर? म्हणून दुसऱ्या दिवशी उपास. तेवढ्यानं भरून निघत असेल की नाही, कोण जाणे. दर बुधवारी पुड्या उघडताना आधी तुमच्याकडे बघून घ्यायचे."

पंतांना पहिल्या दिवशी पुड्यांकडे पाहणारं ते भ्यालेलं तोंड आठवलं. बुजली, असं त्यांना वाटलं होतं. सहा वर्षं त्यांची अब्रू राखायला ही बाई दर आठवड्याला त्यांचा जीव पणाला लावत होती, आणि एकटीच भीत होती. पंतांना रडू आलं. त्यांनी ते लपवलं नाही.

मग डोळे पुसून ते बोलू लागले, आणि बोलता बोलता वडिलांचा आवाज आला. "हे बघ. तू देवीकडे माझा जीव मागितलास. तिनं दिला. पण जाताना माझा वास घेऊन गेली. बरोबर? देवी घेतलेलं वाया घालवत नाही. तो तिनं तुझ्यापाशी ठेवला. तू बुधवारी घेतेस तो वास तुझा नव्हेच, तो माझा. माझ्या वाटचा तू घेतेस. तुझ्या नेमाला त्याचा धक्का लागत नाही."

"असं कुठं असतं?"

"शास्त्रात आहे," पंत म्हणाले.

माईंनी त्यांच्याकडे पाहिलं. चीनच्या राजानं मिरचीवाल्याला काय शिक्षा केली असती हेही ह्यांच्या शास्त्रात होतंच. पंचवीस वर्षांच्या संसारात नवऱ्याचं पदरचं कुठं सुरू होतं हे त्यांना चांगलं कळत होतं. त्या पानं घ्यायला उठल्या.

पुढचा बुधवार आला, वाट्या मांडल्या गेल्या, काम झालं. गुरुवारी सकाळी पंत चुलीपाशी येऊन बसले. किटली फळीवरच होती. चुलीवर पातेल्यात गूळ, गवती चहा आणि पत्ती रटरटत होती. पंतांनी पातेल्याकडे पाहिलं आणि 'उकळायचं नाही' हे शब्द गिळले. माईंनी एक कप गाळला, तोंडाजवळ नेला आणि डोळे मिटून वाफ घेतली, घाई न करता. मग कप त्यांच्यापुढे सरकवला.

"कसा झालाय?" पंतांनी विचारलं.

"गवती चहा आज कोवळा होता. आधी तोच येतो. मग गूळ, थोडा करपलेला. आणि सगळ्यात शेवटी पत्ती, भाजलेल्या खोबऱ्यासारखी."

पंतांनी घोट घेतला. गरम होता, गोड होता, किंचित कडवट होता. बाकीचं माईंनी सांगितलं होतं. त्यांनी कप संपवला, आणि गुरुवार असूनही माईंनी दोघांच्या भाकरीचं पीठ मळायला घेतलं.